गोव्यातील शेतकऱ्याचे अनुदान: एक-चौदाच्या उताऱ्यापासून बँक खात्यापर्यंत

गोव्यात शेतीसाठी मिळणारा सरकारी पैसा अनेक वाटांनी येतो. केंद्राचा पीएम-किसानचा हप्ता असतो, राज्याच्या आधारभूत दर योजनेतून भात, नारळ, काजू, सुपारी अशा पिकांवर मिळणारा भावफरक असतो, यंत्रे, ठिबक सिंचन व कुंपण यांवरील अनुदान असते आणि पूर, वादळ किंवा रानटी जनावरे यांमुळे पीक गेल्यास मिळणारी भरपाई असते. या प्रत्येकाचे नियम वेगळे असले तरी शेवटी सर्व रक्कम थेट बँक खात्यात जमा होते, आणि ती जमा होण्याआधी जमिनीच्या नोंदीतील नाव, आधारवरील नाव आणि खात्यावरील नाव एकमेकांशी ताडून पाहिले जाते. गोव्यातील बहुसंख्य रखडलेल्या प्रकरणांत शेतकरी अपात्र नसतो. त्याचे कागद एकमेकांशी जुळत नसतात. म्हणून या मार्गदर्शनाचा मोठा भाग अर्ज कसा भरावा यापेक्षा अर्जापूर्वी कागद कसे जुळवून घ्यावेत यावर आहे. हे काम पावसाळ्यात, सरद शेतीची लावणी चालू असताना करू नये. वायंगण (रब्बी) शेतीची कापणी आटोपल्यावर जो थोडा मोकळा वेळ मिळतो, तो यासाठी राखून ठेवावा.

एक-चौदा नीट वाचणे

जमिनीच्या हक्कनोंदीचा जो उतारा आपण एक-चौदा म्हणून ओळखतो, तो या सर्व योजनांचा पाया आहे. गोवा जमीन महसूल संहिता १९६८ अन्वये ठेवल्या जाणाऱ्या या नोंदी भूमापन व भूमी अभिलेख संचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. त्यासाठी तालुका, गाव, सर्वेक्षण क्रमांक आणि उपविभाग क्रमांक एवढी माहिती पुरते. अनेक घरांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वी काढलेला उतारा जपून ठेवलेला असतो आणि तोच प्रत्येक अर्जाला जोडला जातो. तसे करू नये. दरम्यानच्या काळात एखादा सहहिस्सेदार वारला असेल, कोणी आपला हिस्सा विकला असेल किंवा विभाजन होऊन उपविभाग क्रमांक बदलला असेल, तर जुना उतारा अर्ज परत येण्याचे कारण ठरतो.

उतारा हाती आला की पहिल्यांदा लागवडयोग्य क्षेत्राची विभागणी पाहावी. जिरायत, बागायत, भातशेती, खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेती), खेर आणि मोरड असे रकाने तेथे असतात, आणि लागवडीस अयोग्य असे पोटखराबा क्षेत्र वेगळे दाखवलेले असते. क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा क्रमाने लिहिलेले असते. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर हे लक्षात ठेवले म्हणजे अर्जातील आकडा चुकत नाही. आपण प्रत्यक्षात कुळागर राखत असाल आणि उताऱ्यावर ते क्षेत्र भातशेती म्हणून दाखवलेले असेल, तर सुपारी किंवा नारळाच्या अनुदानाच्या वेळी कृषी अधिकाऱ्यास प्रत्यक्ष पाहणी करून तसा अहवाल द्यावा लागतो. ही पाहणी अर्ज अडकल्यानंतर मागण्यापेक्षा अर्जाबरोबरच मागावी.

त्यानंतर नावांचे रकाने पाहावेत. भोगवटादाराचा रकाना, कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना हे तीन वेगळे आहेत आणि आपले नाव यांपैकी कोठे आहे यावर कोणती योजना आपल्यासाठी खुली आहे हे ठरते. पीएम-किसान ही जमीनधारक कुटुंबासाठी असलेली योजना आहे, त्यामुळे केवळ कुळाच्या रकान्यात नाव असल्यास अडचण येते. गोव्याच्या कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ या दिवसापासून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मानीव खरेदीदार ठरवले आहे. पण खरेदीची किंमत मामलेदाराने (तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याने) निश्चित करून ती भरली जाणे, खरेदीचे प्रमाणपत्र मिळणे आणि त्याआधारे भोगवटादाराच्या रकान्यात नाव चढणे या पायऱ्या अनेक कुटुंबांनी आजवर पूर्ण केलेल्या नाहीत. वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळात कूळ म्हणून नोंद झाली, एवढ्यावर समाधान मानून पुढची पिढी थांबली. ज्यांची नोंद निर्विवाद आहे त्यांनी हे काम आता हाती घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण प्रत्येक जाणाऱ्या वर्षागणिक साक्षीदार आणि जुन्या पावत्या कमी होत जातात.

कोमुनिदादचे, म्हणजे गावच्या जुन्या सामुदायिक जमीनधारक संस्थेचे, शेत कसणाऱ्यांची स्थिती वेगळी आहे. तेथे भोगवटादार कोमुनिदाद असते, आणि जमीन संस्थेच्या नावावर असल्याने पीएम-किसानचा लाभ त्या जमिनीवर मिळत नाही. मात्र राज्याच्या कृषी योजनांसाठी आपण ती जमीन प्रत्यक्ष कसतो हे दाखवण्याचा मार्ग असतो. कुळाच्या रकान्यातील नोंद, कोमुनिदादला भरलेल्या खंडाच्या पावत्या आणि कोमुनिदादचे पत्र यांची एकत्र फाईल करून ठेवावी.

मयताचे नाव आणि वारस

गोव्यातील एक-चौदावर एकेका लहानशा उपविभागासाठी दहा-पंधरा भोगवटादारांची नावे असणे ही सामान्य गोष्ट आहे, आणि त्यांपैकी निम्मे हयात नसणे हीही सामान्य गोष्ट आहे. जो माणूस शेत कसतो त्याचे नाव तेथे नसते. त्याच्या आजोबांचे असते. अशा वेळी पंचायतीचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र देऊन एखादे वर्ष निभावते, पण कायमचा उपाय वारसांची नोंद हाच आहे.

वारसांमध्ये वाद नसेल तर उपनिबंधक कार्यालयात विशेष नोटरीसमोर वारसांचा दस्तऐवज करता येतो. मालमत्तेची वाटणीच करायची असेल किंवा एकमत नसेल, तर न्यायालयात इन्व्हेंटरीची (मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याची) कार्यवाही करावी लागते. या दोन्ही गोष्टी गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा २०१२ खाली येतात. दस्तऐवज हाती आल्यावर काम संपले असे समजून अनेक जण तो कपाटात ठेवतात. त्यानंतर मामलेदार कार्यालयात म्युटेशनसाठी अर्ज करून एक-चौदावर नाव चढवून घ्यावे लागते, आणि नाव चढल्याचा नवा उतारा हाती आल्याशिवाय कृषी कार्यालयाच्या दृष्टीने काहीही बदललेले नसते. मुंबईला किंवा परदेशी राहणाऱ्या भावंडांच्या सह्या लागणार असतील, तर ते चतुर्थीला गावी येतात तेव्हाच कागद तयार ठेवावेत.

नावाच्या लिखाणाचा प्रश्न गोव्यात विशेष जड आहे. पोर्तुगीज काळातील दस्तऐवजांत कामत हे ‘कामोतिम’ आणि शेणवी हे ‘सिनाय’ असे लिहिलेले आढळते, आणि सर्वेक्षणाच्या वेळी तीच रूपे रोमन लिपीतील नोंदींत उतरली. आधारवर मात्र आजचे आडनाव असते, आणि बँकेत कधी वडिलांचे नाव मध्ये असते तर कधी नसते. अधिकाऱ्याला दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे समजले तरी संगणकीय पडताळणीला ते कळत नाही. यासाठी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र एकदा नीट करून घ्यावे, त्यात नावाची सर्व रूपे जशीच्या तशी लिहावीत, आणि आधार व बँक खाते यांवरील नाव एकाच पद्धतीचे करून घ्यावे. आधारमध्ये दुरुस्ती करणे हे जमिनीच्या नोंदीत दुरुस्ती करण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे, म्हणून शक्य तेथे आधार जमिनीच्या नोंदीशी जुळवून घ्यावा आणि मग बँक आधारशी जुळवून घ्यावी.

कृषी कार्ड

राज्याच्या बहुतेक योजनांसाठी कृषी कार्ड लागते आणि ते आपल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयातून मिळते. शेत एका तालुक्यात आणि घर दुसऱ्या तालुक्यात असेल, तर शेत ज्या कार्यालयाच्या हद्दीत येते तेथे आधी चौकशी करावी, कारण पाहणीला येणारा अधिकारी तेथूनच येतो. अर्जाबरोबर ताजा एक-चौदा, आधार, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि छायाचित्र द्यावे, आणि जमीन सामाईक असल्यास सहहिस्सेदारांची संमती जोडावी. आपण कसत असलेले सर्व सर्वेक्षण क्रमांक कार्डावर आले आहेत याची खात्री तेथेच उभे राहून करावी. भाताच्या शेताचे क्रमांक आले आणि डोंगरावरील काजूच्या बागेचा क्रमांक राहून गेला, तर काजूच्या हंगामात त्या बागेचा भावफरक मागताना अडचण येते.

खाते: पैसा नेमका कोठे जातो

आधारवर आधारित हस्तांतरणात पैसा अर्जात लिहिलेल्या खात्यावर जाईलच असे नाही. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदवहीत आपला आधार ज्या बँकेशी शेवटी जोडला गेला, त्या बँकेत तो जातो. घरात कोणी गॅसच्या अनुदानासाठी किंवा नव्या खात्यासाठी दुसऱ्या बँकेत आधार जोडून आलेले असते, आणि इकडे शेतकरी सोसायटीच्या किंवा जुन्या बँकेच्या पासबुकावर नोंद शोधत बसतो. पैसा आला नाही असे ठरवण्यापूर्वी आधारच्या संकेतस्थळावर किंवा कोणत्याही बँकेत विचारून आपला आधार सध्या कोणत्या बँकेशी जोडलेला आहे हे पाहावे, आणि तो हवा त्या शाखेत जोडून घ्यावा. केवळ खात्याच्या केवायसीसाठी आधारची प्रत देणे आणि थेट लाभासाठी आधार जोडण्याची लेखी संमती देणे ही दोन वेगळी कामे आहेत. शाखेत जाऊन दुसरे काम झाले आहे का, असे स्पष्ट शब्दांत विचारावे.

जेथे रक्कम आधारऐवजी खाते क्रमांकावर पाठवली जाते, तेथे शाखेचा आयएफएससी कोड जुना असल्याने ती परत जाते. गोव्यात कॉर्पोरेशन बँक आणि सिंडिकेट बँक यांच्या शाखा गावोगावी होत्या. १ एप्रिल २०२० रोजी कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत आणि सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. त्याच्या एक वर्ष आधी, १ एप्रिल २०१९ रोजी, देना व विजया या बँका बँक ऑफ बडोदामध्ये गेल्या. या विलीनीकरणांआधी केलेल्या कृषी कार्डावर किंवा अर्जावर जुनाच कोड असेल तर नव्या पासबुकाची प्रत देऊन तो बदलून घ्यावा. खाते पतीपत्नीच्या संयुक्त नावे असल्यास अर्जदाराचे नाव पहिले असावे. अनुदानासाठी अर्जदाराचे एकट्याचे खाते ठेवणे त्याहून चांगले.

पीएम-किसान

२०१९ साली सुरू झालेल्या आणि १ डिसेंबर २०१८ पासून लागू मानलेल्या या योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत मिळतात. एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च असे हप्त्यांचे कालखंड आहेत. आरंभी असलेली २ हेक्टरची मर्यादा २०१९ मध्येच काढण्यात आली. जमीन १ फेब्रुवारी २०१९ रोजी नावावर असली पाहिजे. त्यानंतर विकत घेतलेल्या किंवा बक्षीसपत्राने मिळालेल्या जमिनीवर लाभ नाही, मात्र जमीनधारकाच्या मृत्यूमुळे वारसाहक्काने नाव चढले असल्यास अपवाद आहे.

गोव्यात येथे एक खास अडचण उद्भवते. आपल्या नागरी कायद्यानुसार सामान्यतः मालमत्ता पतीपत्नीची सामाईक असते आणि एक-चौदावर दोघांचीही नावे असू शकतात. त्यामुळे दोघांनी वेगवेगळी नोंदणी केल्याची उदाहरणे आढळतात. योजनेच्या व्याख्येत पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब आहे, म्हणून त्यांपैकी एकालाच लाभ मिळतो आणि दुसऱ्याने घेतलेली रक्कम परत मागितली जाते. अशी दुहेरी नोंदणी असेल तर एक नोंदणी स्वतःहून सोडून द्यावी. दोन सख्खे भाऊ, दोघेही विवाहित आणि दोघांचीही नावे त्याच उपविभागावर, अशी स्थिती असेल तर मात्र ती दोन स्वतंत्र कुटुंबे आहेत व दोन्ही पात्र ठरू शकतात. जमीन लहान आहे किंवा उतारा एकच आहे म्हणून दुसऱ्या भावाला नाकारता येत नाही.

अपात्रतेच्या अटीही कुटुंबाला लागू होतात. मागील करनिर्धारण वर्षात पती किंवा पत्नी यांपैकी कोणी आयकर भरला असेल, कोणी सरकारी नोकरीत असेल किंवा होता असेल, कोणाला महिना १०,००० रुपये किंवा अधिक निवृत्तिवेतन असेल, अथवा कोणी नोंदणीकृत डॉक्टर, वकील, अभियंता, सनदी लेखापाल किंवा वास्तुविशारद म्हणून व्यवसाय करत असेल, तर त्या कुटुंबाला लाभ नाही. सरकारी नोकरी व निवृत्तिवेतन यांच्या अटींतून चतुर्थ श्रेणी कर्मचारी वगळलेले आहेत. ज्या घरात एक माणूस शेती करतो आणि दुसरा नोकरी करतो, अशी घरे गोव्यात इतकी आहेत की नोंदणीपूर्वी ही यादी घरात बसून एकदा वाचावी.

हप्ता थांबला असेल तर योजनेच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून लाभार्थी स्थिती पाहावी. तेथे तीन गोष्टींपुढे होय किंवा नाही लिहिलेले असते: ई-केवायसी, जमिनीची नोंद जोडली आहे का, आणि आधार बँक खात्याशी जोडला आहे का. ई-केवायसी मोबाइलवरील ओटीपीने, चेहऱ्याच्या ओळखीने किंवा सामायिक सेवा केंद्रात अंगठा देऊन होते. काजूच्या बिया हाताळून किंवा वय झाल्याने ज्यांच्या अंगठ्याच्या रेषा उमटत नाहीत, त्यांनी चेहऱ्याच्या ओळखीचा मार्ग वापरावा. जमिनीची नोंद जोडणे हे काम विभागीय कृषी कार्यालयाकडे न्यावे, बँकेकडे नव्हे. या त्रुटी दूर झाल्यावर थांबलेले देय हप्तेही मिळतात, त्यामुळे उशीर झाला म्हणून प्रकरण सोडून देऊ नये. मदतीसाठी १५५२६१ हा क्रमांक आहे.

आधारभूत दर आणि विक्रीची पावती

राज्याच्या आधारभूत दर योजनेत बाजारभाव ठरलेल्या दराखाली गेल्यास मधला फरक सरकार देते. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात काजूबियांचा हा दर किलोला १२५ रुपयांवरून १५० रुपये, भाताचा २० वरून २२ रुपये आणि नारळाचा नगाला १२ वरून १५ रुपये करण्यात आला होता. चालू हंगामाचा दर विभागीय कार्यालयाच्या सूचनाफलकावर पाहून घ्यावा. उदाहरणादाखल, काजूचा दर १५० रुपये असताना बाजारात ११५ रुपये मिळत असतील तर किलोमागे ३५ रुपयांचा फरक होतो, आणि पाच क्विंटल बियांवर तो १७,५०० रुपये होतो.

हा पैसा मिळण्याची सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे मान्यताप्राप्त संस्थेला किंवा नोंदणीकृत व्यापाऱ्याला केलेल्या विक्रीची पावती. गोवा बागायतदार सहकारी खरेदी-विक्री संस्थेसारख्या ठिकाणी माल दिल्यास ती रीतसर मिळते. दारात येऊन रोख पैसे मोजणाऱ्या व्यापाऱ्याने किलोमागे दोन-चार रुपये अधिक दिले तरी पावती दिली नाही तर भावफरकाचा हक्क जातो, आणि भाव पडलेल्या वर्षी हे नुकसान त्या दोन-चार रुपयांच्या अनेक पटींनी अधिक असते. पावतीवर कृषी कार्डधारकाचेच नाव घालावे. मुलगा बिया घेऊन गेला आणि पावती मुलाच्या नावे झाली, म्हणून दावा अडकल्याचे प्रकार दर हंगामात घडतात. शिवाय पावतीवरील वजन आपल्या बागेच्या क्षेत्राशी सुसंगत असावे. शेजाऱ्याचा माल आपल्या कार्डावर घातल्यास दोघांचाही दावा संशयाच्या भोवऱ्यात सापडतो.

यंत्रे, ठिबक, कुंपण

येथे क्रम चुकला की सर्व चुकते. आधी अर्ज, मग पूर्वमंजुरी, मग खरेदी, मग पाहणी आणि शेवटी अनुदान असा क्रम आहे. दुकानदार ‘आधी घ्या, अनुदान मागाहून मिळेल’ असे सांगत असला तरी मंजुरीपत्राच्या तारखेआधीचे बिल सहसा नाकारले जाते. ठिबक सिंचनासाठी केंद्राच्या निकषांनुसार अल्प व अत्यल्प भूधारकांना ठरलेल्या खर्चाच्या ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के साहाय्य आहे. अत्यल्प म्हणजे १ हेक्टरपर्यंत आणि अल्प म्हणजे २ हेक्टरपर्यंत. टक्केवारी योजनेत ठरवलेल्या खर्चावर मोजली जाते, दुकानदाराच्या बिलावर नव्हे, त्यामुळे महागडे यंत्र घेतल्यास वरचा फरक आपल्यालाच सोसावा लागतो. पैसे बँकेमार्फत द्यावेत, जीएसटी बिल घ्यावे आणि यंत्राचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज केल्यास त्या आर्थिक वर्षाची तरतूद संपलेली असू शकते; एप्रिल-मेमध्ये केलेला अर्ज पुढे सरकण्याची शक्यता अधिक.

नुकसान झाल्यास

पीक विमा घेतलेला असेल तर स्थानिक आपत्तीची माहिती ७२ तासांच्या आत द्यावी लागते, मग ती ॲपवर असो, १४४४७ या क्रमांकावर असो किंवा कृषी कार्यालयात असो. खरिपाच्या अन्नधान्य पिकासाठी शेतकऱ्याचा हप्ता विमासंरक्षित रकमेच्या २ टक्के आणि रब्बीसाठी दीड टक्का आहे. कापून शेतात पसरलेल्या भातालाही, ऑक्टोबरातील अवकाळी पावसासारख्या कारणांनी नुकसान झाल्यास, कापणीपासून १४ दिवसांपर्यंत संरक्षण असते. रानडुकरे, माकडे यांसारख्या रानटी जनावरांनी केलेले नुकसान तसेच भातशेतीतील पाणी तुंबणे हे धोके खरीप २०२६ पासून विम्यात घेण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला आहे. विमा घेताना आपल्या राज्याच्या अधिसूचनेत ते समाविष्ट आहेत का हे विचारावे. खाजनातील शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न फार मोलाचा आहे.

विमा नसला तरी राज्याच्या शेतकरी आधार निधीतून भरपाई मागता येते. अर्ज विभागीय कृषी कार्यालयात शक्य तितक्या लवकर, त्याच किंवा दुसऱ्या दिवशी द्यावा. बांध फुटून खारे पाणी शिरले असल्यास फुटलेल्या बांधाची व मानशीचीही (पाणी आत-बाहेर सोडण्याच्या दाराचीही) छायाचित्रे तारखेसह काढावीत. पाहणी होईपर्यंत आडवे झालेले पीक हलवू नये. हलवणे भागच असेल तर शेताचा एक भाग तसाच ठेवून तलाठी किंवा पंच यांना दाखवून ठेवावे.

पैसा आला नाही तर

प्रत्येक अर्जाची पोच शिक्का आणि आवक क्रमांकासह घ्यावी. ज्याच्याकडे आवक क्रमांक आहे त्याला कार्यालयात नेमका प्रश्न विचारता येतो: माझे प्रकरण पाहणीसाठी थांबले आहे, मंजुरीसाठी थांबले आहे, निधीसाठी थांबले आहे की बँकेतून परत आले आहे? या चार उत्तरांपुढील उपाय वेगळे आहेत. पाहणी राहिली असल्यास अधिकाऱ्याकडून तारीख मागून घ्यावी, निधी नसल्यास ज्येष्ठता यादीतील आपला क्रमांक विचारावा, आणि बँकेतून परत आले असल्यास परतीचे कारण लेखी घेऊन पासबुकासह शाखेत जावे.

तोंडी उत्तरे मिळत राहिली तर विभागीय कृषी अधिकाऱ्यास लेखी पत्र द्यावे आणि त्याची प्रत करंझाळे येथील टोंक भागातील कृषी भवनात संचालकांना पाठवावी. त्यानेही काही झाले नाही तर माहिती अधिकार कायदा २००५ अन्वये अर्ज करावा. त्याचे उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे, आणि न दिल्यास पुढील ३० दिवसांत पहिले अपील करता येते. अर्जात तक्रार लिहू नये. अमुक आवक क्रमांकाच्या प्रकरणावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणींच्या प्रती, सध्या प्रकरण कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे त्याचे पद, आणि त्याच योजनेत त्यानंतर आलेल्या किती अर्जांना पैसे दिले गेले त्यांची यादी, एवढेच मागावे.